पाळण्याशेजारची लेखणी

इ. स. १८५० च्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. त्या राज्यातील ब्रन्सविक या लहानशा गावी कडाक्याची थंडी पडली होती. भाड्याने घेतलेल्या एका जुन्या लाकडी घरात चाळिशीला टेकलेली एक गृहिणी आपल्या भावजयीला पत्र लिहीत बसली होती. चार ओळी लिहून होतात न होतात, तोच दारात मासेवाला आला. तिने उठून मासा घेतला आणि ती पुन्हा पत्राकडे वळली. इतक्यात सफरचंदांची पिंपे घेऊन कोणी माणूस आला. त्याच्यामागून पुस्तके विकणारा आला. मग शेजारणीला कबूल केलेल्या एका चित्राची आठवण झाली. ते काम होते तोच पाच महिन्यांचे तान्हे मूल रडू लागले. त्याला पाजून होईपर्यंत स्वयंपाकघरात जाऊन माशाचे कालवण करण्याची वेळ झाली. असे करता करता ते एक पत्र पुरे होण्यास तिला दहाबारा वेळा उठावे लागले.

ज्या बाईला एक पत्र सलगपणे लिहिता येत नव्हते, तिने पुढच्या सव्वा वर्षात एक मोठी कादंबरी लिहून पुरी केली. त्या कादंबरीने अमेरिका देश हालवून सोडला. कादंबरीचे नाव ‘अंकल टॉम्स केबिन’, म्हणजे ‘टॉमकाकाची झोपडी’, आणि त्या बाईचे नाव हॅरिएट बीचर स्टो.

हॅरिएटचा जन्म १४ जून १८११ रोजी कनेक्टिकट राज्यातील लिचफील्ड या गावी झाला. तिचे वडील लायमन बीचर हे नामांकित धर्मोपदेशक होते. हॅरिएट पाच वर्षांची असतानाच तिची आई वारली. घरात भावंडे पुष्कळ आणि पुस्तकेही पुष्कळ. थोरली बहीण कॅथरीन हिने हार्टफर्ड येथे मुलींसाठी एक शाळा काढली होती. त्या काळी मुलींना शिवणटिपण आणि थोडे लिहिणेवाचणे आले की पुरे, असे बहुतेकांना वाटे. कॅथरीनच्या शाळेत मात्र मुलांप्रमाणे मुलींनाही गंभीर विषय शिकवले जात. हॅरिएट तेथेच शिकली आणि पुढे तेथेच शिकवू लागली.

इ. स. १८३२ मध्ये वडिलांना ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथील धर्मशास्त्राच्या विद्यालयाचे प्रमुखपद मिळाले आणि सारे कुटुंब तिकडे गेले. हे शहर ओहायो नदीच्या काठी वसलेले आहे. नदीच्या अलीकडे गुलामगिरीला बंदी होती आणि पलीकडे केंटकी राज्यात माणसांची गुराढोरांप्रमाणे खरेदी-विक्री होत असे. आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांची ही लेकरे-नातवंडे. मालकाच्या मर्जीनुसार आईपासून मूल आणि नवऱ्यापासून बायको तोडून विकली जाई. कित्येक गुलाम जिवावर उदार होऊन ही नदी ओलांडीत आणि उत्तरेकडे पळत. त्यांच्या कहाण्या हॅरिएटच्या कानी येऊ लागल्या.

याच शहरात तिच्या लेखनाला आरंभ झाला. बहिणीबरोबर तिने मुलांसाठी भूगोलाचे एक पुस्तक तयार केले. इ. स. १८३४ मध्ये तिच्या एका कथेला मासिकाचे ५० डॉलरचे बक्षीस मिळाले. दोन वर्षांनी, म्हणजे १८३६ च्या जानेवारीत, वडिलांच्याच विद्यालयातील प्राध्यापक कॅल्विन स्टो यांच्याशी तिचा विवाह झाला. कॅल्विन मोठे विद्वान होते. पण प्राध्यापकाचा पगार तुटपुंजा होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जुळ्या मुली झाल्या. त्या वेळी कॅल्विन विद्यालयाच्या कामासाठी युरोपात गेले होते. पुढील काही वर्षांत आणखी दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. दिवस उजाडला की मावळेपर्यंत हॅरिएटबाईंच्या हातांना उसंत नसे.

दुसरी कोणी असती तर तिने लेखणी बाजूला ठेवली असती आणि तिला कोणी नावही ठेवले नसते. हॅरिएटबाईंनी तसे केले नाही. त्या नियतकालिकांसाठी लहान लहान कथा लिहीत आणि मिळालेले पैसे संसाराला लावीत. त्यातूनच त्यांनी घरकामासाठी एक जर्मन मुलगी ठेवली. कामाची नीट आखणी केली की लेखनासाठी दिवसातले सुमारे तीन तास मिळतात, असा त्यांचा हिशेब होता. अर्थात हा हिशेब रोज जुळत असे असे नाही. त्यांच्या एका मैत्रिणीने सांगितलेली हकीकत मोठी गमतीची आहे. कथा पाठवण्याची मुदत संपत आली होती आणि घरात भाजणी-शिजवणीचा दिवस होता. तेव्हा मैत्रीण कागद-लेखणी घेऊन स्वयंपाकघरात बसली आणि हॅरिएटबाई कथा सांगू लागल्या. एक वाक्य कथेच्या नायिकेविषयी, तर दुसरे वाक्य नव्या मोलकरणीला पावाच्या पिठाविषयी, असे चालले होते. मध्येच बाळाकडेही पाहावे लागे. कथा मात्र त्या दिवशी पुरी झाली.

पतीचा त्यांना पाठिंबा होता, ही मोठी जमेची बाजू होती. इ. स. १८४२ मध्ये कॅल्विन यांनी त्यांना पत्र लिहून आग्रह केला की, लेखन हेच तुझे कार्य आहे आणि ते तू केलेच पाहिजे. हॅरिएटबाईंनी उत्तरात एकच मागणी केली. लिहायचे असेल तर घरात एक खोली आपल्याला स्वतःची हवी, असे त्यांनी कळवले. जेवणाच्या मेजावर लिहिताना सतत कोणी ना कोणी येई; मुलांचे कपडे, खेळ, भांडणे सारे तेथेच चाले. मागणी साधी होती; पण अशी मागणी करणेसुद्धा त्या काळच्या गृहिणीला सोपे नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांचा पहिला कथासंग्रह प्रसिद्ध झाला.

सिनसिनाटीतील ही वर्षे सुखाची मात्र नव्हती. पैशांची ओढाताण असे आणि प्रकृती वारंवार बिघडे. एकदा घरी कामाला असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीच्या मागावर केंटकीतील तिचा जुना मालक आल्याचे कळले. तेव्हा कॅल्विन आणि हॅरिएटबाईंचे एक बंधू यांनी त्या मुलीला रातोरात गाडीत बसवून खेड्यातील एका सुरक्षित घरी पोचवले. गुलामगिरीचा प्रश्न असा त्यांच्या उंबऱ्याच्या आत आला होता.

इ. स. १८४९ च्या उन्हाळ्यात शहरात पटकीची साथ पसरली. रोज कितीतरी माणसे दगावत होती. त्या वेळीही कॅल्विन औषधोपचारासाठी दूर व्हरमाँट राज्यात गेलेले होते. घरात आई आणि सहा मुले. जुलैत धाकट्या चार्लीला पटकी झाली. तो अवघ्या दीड वर्षाचा होता. आईने जिवाचे रान केले. परंतु तिच्या डोळ्यांदेखत ते गोजिरवाणे बाळ गेले. या दुःखातून हॅरिएटबाईंना एक गोष्ट कळली, ती त्यांनी पुढे स्वतःच सांगितली आहे. बाजारात जिच्या कुशीतून मूल ओढून विकले जाते त्या गुलाम आईला काय वाटत असेल, हे त्यांना चार्लीच्या बिछान्याशी उमगले. तोपर्यंत गुलामांची दुःखे त्यांनी पाहिली होती, ऐकली होती. आता ती त्यांच्या काळजाला भिडली.

पुढल्या वर्षी कॅल्विन यांना ब्रन्सविक येथील बोडन महाविद्यालयात जागा मिळाली. सिनसिनाटीतील काम आवरेपर्यंत त्यांना निघता येईना. म्हणून हॅरिएटबाईच काही मुलांना घेऊन पुढे गेल्या. त्या वेळी त्या गरोदर होत्या. शेकडो मैलांचा तो प्रवास त्यांनी केला, नव्या गावी घर लावले आणि जुलैत त्यांना मुलगा झाला. गेलेल्या बाळाच्या आठवणीने त्याचेही नाव चार्ल्सच ठेवले.

त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या काँग्रेसने एक कठोर कायदा केला. दक्षिणेतून पळून आलेला गुलाम उत्तरेतील मुक्त राज्यात सापडला तरी त्याला धरून मालकाच्या स्वाधीन करावे, असे त्या कायद्याने ठरवले. पकडलेल्या माणसाला पंचांपुढे दाद मागता येत नसे आणि स्वतःची साक्षही देता येत नसे. त्याला आसरा देणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शके. तान्हेल्या, भुकेल्या माणसाला घरात घेणे हा गुन्हा ठरला! उत्तरेतील अनेकांची मने या कायद्याने पेटून उठली.

हॅरिएटबाईंच्या दुसऱ्या एका भावजयीने त्यांना पत्र लिहिले. गुलामगिरी म्हणजे काय हे साऱ्या देशाला कळेल असे काहीतरी तुम्ही लिहा, अशी तिची कळकळीची विनंती होती. मुलांना ते पत्र वाचून दाखवताना हॅरिएटबाई उठून उभ्या राहिल्या. जगले वाचले तर लिहीनच, असा त्यांनी मनाशी निर्धार केला. पण लिहावे कधी? तान्हा चार्ल्स रात्री त्यांच्याजवळ निजे आणि झोप पुरी होत नसे. घरीच त्या रोज तासभर मुलांना शिकवीत आणि संध्याकाळी दोन तास मुलांना गोष्टी वाचून दाखवीत. त्याशिवाय घर नीट लावण्याची सारी कामे होतीच.

इ. स. १८५१ च्या आरंभी, एका रविवारी, त्या ब्रन्सविकच्या प्रार्थनामंदिरात बसल्या असताना एक प्रसंग त्यांच्या मनश्चक्षूंपुढे उभा राहिला. एका वृद्ध, श्रद्धाळू गुलामाला मालकाच्या हुकमाने मरेपर्यंत चाबकाचे फटके मारले जात आहेत आणि तो मारणाऱ्यांना क्षमा करीत आहे. घरी येताच त्यांनी तो प्रसंग लिहून काढला. त्यांनी तो मुलांना वाचून दाखवला तेव्हा मुलांना रडू आवरेना. हाच तो टॉमकाका. कादंबरीचा शेवट असा आधी लिहिला गेला आणि आरंभ नंतर झाला.

वॉशिंग्टन येथे ‘नॅशनल ईरा’ नावाचे गुलामगिरीविरोधी साप्ताहिक निघत असे. त्याचे संपादक गमेलियल बेली यांना हॅरिएटबाईंनी कळवले की, तीन-चार अंकांत संपेल अशी एक गोष्ट मी लिहीत आहे. संपादकांनी ३०० डॉलर देऊ केले. पहिला हप्ता ५ जून १८५१ च्या अंकात आला. पण गोष्ट तीन-चार अंकांत संपली नाही. एकामागून एक माणसे त्यांच्या डोळ्यांपुढे येऊ लागली. मुलाला उराशी धरून नदीच्या फुटत्या बर्फावरून धावणारी एलायझा आली, तिचा मानी नवरा जॉर्ज आला, गोड मुलगी इव्हा आली, क्रूर मालक लिग्री आला. तीन-चार आठवड्यांच्या गोष्टीला सुमारे दहा महिने लागले.

साप्ताहिकात चालू असलेली कादंबरी लिहिणे हे मोठे जिकिरीचे काम असते. मूल आजारी पडो की पाहुणे येवोत, ठरल्या दिवशी हप्ता रवाना झालाच पाहिजे. हॅरिएटबाईंनी मिळेल तेथे बसून लिहिले. स्वयंपाकघरातील मेजावर त्यांनी लिहिले. घरात गलबला फार झाला की कॅल्विन यांच्या महाविद्यालयातील खोलीत जाऊन लिहिले. थोरली बहीण कॅथरीन स्वतःची कामे सोडून मुद्दाम ब्रन्सविकला येऊन राहिली आणि तिने घराचा भार आपल्या शिरावर घेतला. एवढे करूनही दोन-तीन आठवडे हप्ता वेळेवर पोचला नाही आणि वाचक चुटपुटत राहिले. एका लेखिकेच्या हातून हे पुस्तक लिहून व्हावे म्हणून बहीण, भावजय, पती अशा कितीतरी जणांचे हात लागले होते, हे विसरता येत नाही.

या लेखनासाठी त्यांनी केवळ कल्पनेवर भिस्त ठेवली नाही. सिनसिनाटीत पाहिलेले आणि ऐकलेले प्रसंग त्यांच्यापाशी होतेच. शिवाय गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेल्या जीवनकथा त्यांना उपयोगी पडल्या. जोसाया हेन्सन हा असाच एक सुटलेला गुलाम. त्याची जीवनकथा १८४९ मध्ये प्रसिद्ध झाली होती.

साप्ताहिकातील अखेरचा हप्ता छापून येण्यापूर्वीच, २० मार्च १८५२ रोजी, बोस्टन येथे कादंबरी दोन भागांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. या पुस्तकातून एखादे रेशमी वस्त्र घेण्यापुरते पैसे मिळाले तरी पुरे, अशी स्टो कुटुंबाची माफक अपेक्षा होती. पण पहिल्याच आठवड्यात १०,००० प्रती खपल्या. वर्षभरात एकट्या अमेरिकेत सुमारे ३,००,००० प्रती गेल्या. इंग्लंडात तर त्याहूनही अधिक खप झाला. पाहता पाहता जगातील अनेक भाषांत पुस्तकाची भाषांतरे झाली. ज्यांनी गुलामगिरीचा कधी विचारही केला नव्हता, असे लोक एलायझाच्या आणि टॉमच्या दुःखाने कासावीस झाले.

दक्षिणेतील मालकांचा मात्र संताप झाला. हे सारे खोटे आहे, एका बाईने घरात बसून रचलेल्या या थापा आहेत, असा गिल्ला त्यांनी केला. हॅरिएटबाई पुन्हा लिहायला बसल्या. न्यायालयांतील निकाल, गुलामांविषयीचे कायदे आणि पळालेल्या गुलामांना धरून देण्यासाठी मालकांनीच वर्तमानपत्रांत दिलेल्या जाहिराती, असे पुरावे त्यांनी गोळा केले आणि १८५३ मध्ये त्यांचे एक स्वतंत्र पुस्तक काढले. टीकेला त्यांनी पुराव्याने उत्तर दिले.

इ. स. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. त्याची कारणे अनेक होती. ते काही एका पुस्तकामुळे झाले नाही. तथापि गुलामगिरी नष्ट झाली पाहिजे, असे उत्तरेतील असंख्य लोकांना वाटू लागले, त्यात या कादंबरीचा वाटा मोठा होता. अखेर १८६५ मध्ये घटनेत दुरुस्ती होऊन अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली. या घटनेचा पडसाद आपल्या महाराष्ट्रातही उमटला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे आपले पुस्तक, गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले.

टॉमकाकाच्या कादंबरीत उणिवाही आहेत. तिच्यातील काही कृष्णवर्णीय पात्रे फार सोशीक आणि एकाच साच्याची आहेत, असा आक्षेप पुढील काळातील कृष्णवर्णीय लेखकांनी घेतला, आणि तो खोटा नाही. अन्यायाविरुद्ध मान ताठ करून लढणारे गुलाम त्या काळी कितीतरी होते. हॅरिएटबाईंनी पाहिले ते आपल्या काळाच्या आणि आपल्या समाजाच्या डोळ्यांनी. परंतु ज्यांच्याकडे पाहायलाच कोणी तयार नव्हते, त्यांच्याकडे त्यांनी लक्षावधी वाचकांना पाहायला लावले, हे त्यांचे कार्य लहान नव्हे.

कीर्ती आणि पैसा मिळाला तरी त्यांचा संसार सुखाचा झाला असे नाही. इ. स. १८५७ मध्ये महाविद्यालयात शिकत असलेला मुलगा हेन्री नदीत बुडून मरण पावला. दुसरा मुलगा फ्रेडरिक युद्धात गेटिसबर्गच्या लढाईत जखमी झाला. दुःखे येत राहिली, घरखर्च वाढत राहिला आणि हॅरिएटबाई लिहीत राहिल्या. कादंबऱ्या, प्रवासवर्णने, मुलांसाठी गोष्टी, घर कसे चालवावे याविषयीचे लेख अशी सुमारे ३० पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. उतारवयात त्या हार्टफर्ड येथे राहिल्या. तेथेच १ जुलै १८९६ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे तेथील घर आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.

हॅरिएटबाईंना मोकळा वेळ असा कधी मिळालाच नाही. मासेवाला आला की त्या उठल्या, मूल रडले की त्या उठल्या, आणि प्रत्येक वेळी परत येऊन, सोडलेल्या ओळीपासून पुढे लिहू लागल्या. ज्या घराने त्यांना इतक्या वेळा लेखनावरून उठवले, त्याच घरातील एका रिकाम्या पाळण्याने त्यांना गुलाम आईचे दुःख शिकवले. ते दुःख त्यांनी उरलेल्या क्षणांत लिहून काढले, आणि ते साऱ्या जगाने वाचले.